खोलीभर अंतर

दारूचा परवाना मिळाला तर कुणाच्या पदरात काय पडणार, याचा हिशेब खानावळवाल्यानं अर्ज लिहायच्या आधीच मांडून ठेवला होता. तोंडी हिशेबाचा एक मोठा गुण असतो, त्यात वजाबाकी नसते. धूळ उडवत पुढे निघून जाणारे ट्रक दारात थांबणार. खाणीतली माणसं पगाराच्या दिवशी उतारावरच्या बारमध्ये न जाता इथंच बसणार. प्यायला बसलेला माणूस नुसत्या जेवणाऱ्याच्या दुप्पट खातो आणि वर मिठाची तक्रार करत नाही. बायकोच्या हाताखाली भांडी घासायला बाई येणार. बापाला लोकरीचं जाकीट. स्वतःसाठी त्यानं काही म्हणजे काही मागितलं नव्हतं. गल्ल्यामागं बसायला पाठ असलेली एक खुर्ची, बस्स.

"बाई खरंच येणार?" शेगडीपुढं उकिडवी बसलेल्या बायकोनं विचारलं.

"एक काय, दोन येतील. तू नुसती बसून हुकूम सोड."

"बसायची सवय नाही मला. पाय दुखतील."

ती तापवत होती ते कालवण सकाळचं होतं. उतारावर तो बार निघाल्यापासून हे रोजचंच झालं होतं. सकाळी रांधायचं, दुपारी तापवायचं, संध्याकाळी पुन्हा तापवायचं आणि शेवटी घरच्या तिघांनीच खायचं. तिघांची तोंडं एकाच चवीला विटली होती. जुने ड्रायव्हर ओळख ठेवून होते, म्हणजे जाताना हॉर्न वाजवून जायचे. हॉर्नवर काही शिजत नाही.

तेव्हा परवाना, नाहीतर कुलूप, असा सरळ मामला होता. बायकोला तो कळत होता. पण तिच्या हिशेबात एक आकडा होता, जो नवऱ्यानं धरलाच नव्हता. तो आकडा या घडीला मागच्या खोलीत खाटेवर बसून काथ्या वळत होता.

तो तिचा सासरा. पाथरवट. उभा जन्म खाणीत गेलेला. त्यानं घडवलेला दगड लोक दुरून ओळखायचे आणि पिऊन रस्त्याकडेला पडलेला तो दिसला की त्यालाही दुरूनच ओळखायचे. त्या काळी त्याचं नाव 'पिंप' होतं. ती लग्न होऊन या घरात आली, तेव्हा तिचं पहिलं काम चुलीपाशी निघालं नाही. नवऱ्याच्या जोडीनं सासऱ्याला काखेत धरून चरातून वर ओढायचं, हे ते काम.

तिनं वर्षभर नुसतं बघितलं. मग तिच्या ध्यानात आलं की हा माणूस दिवसभर ठीक असतो. दिवेलागण झाली की बोटं मांडीवर वाजायला लागतात, मान दाराकडं वळते. ती घटका टळली की टळली. एका संध्याकाळी नेमक्या त्या वेळी तिनं काथ्याचा भारा त्याच्यापुढं टाकला. "मामंजी, खाटेला दोर हवाय." दोर झाला. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या खाटेला हवा होता. खाटा संपल्या, तरी दोर हवाच राहिला. पुढं पुढं तो दुपारी झोपला की ती आदल्या दिवशीचा दोर उकलून ठेवायची आणि संध्याकाळी तोच काथ्या पुन्हा त्याच्यापुढं. त्याला हे ठाऊक होतं. त्याला ठाऊक आहे हे तिलाही ठाऊक होतं. दोघांपैकी कुणी कधी तोंडातून काढलं नाही. आणि एक दिवस खाणीवरच्या एकानं दारातून हाक मारली, "मिस्त्री आहेत का घरात?" पिंप मेला, मिस्त्री उरला.

खानावळवाल्याला यातलं निम्मंच माहीत होतं. त्याच्या लेखी बापाची दारू सुटली होती, ताप उतरतो तशी. उतरलेला ताप कोण मोजत बसतं?

*

कचेरीबाहेर टपरी टाकून बसणारा अर्जवाला एका दुपारी घरी आला. आधी जेवला. मग चव बघायची राहिली म्हणून पुन्हा थोडं जेवला. मग हात पुसून कागद काढले.

"जागा कुणाच्या नावावर?"

"आबांच्या," खानावळवाला म्हणाला.

"मग त्यांची संमती लागणार. बोलवा."

म्हातारा आला आणि उभाच राहिला.

"बसा की मिस्त्री."

"सही उभ्यानंच बरी. बसलं की विचार सुचतात."

पुरुष हसले. सून पाण्याचा तांब्या घेऊन आली होती, ती तिथंच थांबली. "मामंजी, कशावर सही करताय ते ऐकून तरी घ्या."

"ऐकलंय पोरी. या घरातल्या भिंती काय जाड आहेत का?" मग त्यानं तिच्याकडं नीट पाहिलं. "हे बघ, मी सोडली म्हणून जगानं सोडावी असं थोडंच आहे? धंदा आहे तो. आणि कुलूप लागलं तर तुझ्या कालवणाचं काय करायचं?"

त्यानं सही केली. सही झाल्यावर हात कागदावरून उचलून तसाच हवेत धरला. बोटं दगडासारखी स्थिर. "बघ," तो म्हणाला. ते फक्त तिला.

अर्जवाला अटी वाचत होता. शाळेपासून ठरलेलं अंतर हवं. फाटक ते दार, माणूस चालेल त्या वाटेनं मोजतात. वेळ संपली की दार बंद. "आणि ही नीट ऐका. बंद झाल्यावर कुणीही ठोकलं, माझा बाप जरी आला, तरी उघडायचं नाही. पहिल्या खेपेला दंड. दुसऱ्या खेपेला परवाना गेला."

"तुमचे वडील घेतात वाटतं?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"घ्यायचे. त्यातच गेले."

"असं होय," म्हातारा म्हणाला आणि आपल्या खोलीत गेला.

*

मोजणीला साहेब आला. सोबत फीत धरायला कारकून. शाळा रस्त्यापलीकडं, जरा तिरकी. पोरं खिडक्यांना लोंबकळून बघत होती आणि मास्तरीणबाई त्यांना मागं ओढता ओढता स्वतः बघत होत्या. फाटकापासून रस्ता, रस्ता ओलांडून चर, चरावरून खानावळीचं दार. कारकुनानं उंबऱ्यावर बोट ठेवलं, फीत वाचली, साहेबाकडं पाहिलं.

"कमी पडतंय."

"किती?" खानावळवाल्यानं विचारलं.

कारकुनानं मागं वळून घराचा अंदाज घेतला. "असेल एका खोलीएवढं."

साहेबानं चहा घेतला. चांगला होता म्हणाला. जाता जाता, माणूस वाईट नव्हता, म्हणाला, "शाळा काही हलवता येत नाही."

तो गेल्यावर खानावळवाला बाकावर बसून राहिला. अर्जवाल्यानं बशीतला उरलेला चहा ओढला. "शाळा नाही हलत," तो म्हणाला, "पण दार हलतं."

तोड सोपी होती. पुढचं दार चिणायचं. मागच्या भिंतीत नवं पाडायचं. मग फाटकापासून निघालेला माणूस घराला वळसा घालून मागल्या अंगणातून आत येणार, आणि फीत वळशासकट मोजावी लागणार. कागदाला एवढं पुरतं. घरच्यांना यायला-जायला स्वयंपाकघराचं बाजूचं दार होतंच.

मागची भिंत म्हाताऱ्याच्या खोलीची होती.

"आबा, तुमची खोली..." खानावळवाल्यानं सुरुवात केली.

"खोली काय बरोबर न्यायची आहे? माझी खाट कोठीत टाक."

कोठी म्हणजे सामानाची बिनखिडकीची खोली. सून म्हणाली, "तिथं वारा नाही." म्हातारा म्हणाला, "वारा खाणीत पुष्कळ खाल्लाय."

गवंडी बोलवायचं निघालं, तसा तो भडकला. "घरात पाथरवट असताना गवंडी? लोक तोंडात शेण घालतील." खाटेखालची पेटी ओढून त्यानं छिन्न्या काढल्या. गंजल्या होत्या. त्यानं त्या पायरीवर घासल्या, टोकं अंगठ्यावर पारखली, हातोडीचा दांडा रात्रभर पाण्यात फुगत ठेवला.

पुढचे दिवस घरात दगडाचं काम चाललं. मुलानं घण आणला, तो म्हाताऱ्यानं बाजूला ठेवला. "घणानं भिंत घाबरते. मग नको तिथं तडकते." तो सांध्यात छिन्नी धरायचा, हलकेच ठोकायचा, कान लावायचा, पुन्हा ठोकायचा, आणि दगड दात निघावा तसा हातात यायचा. मागून काढलेला प्रत्येक दगड पुढं जायचा आणि जुन्या दाराच्या जागी बसायचा. सून घमेल्यातून चुना-वाळू कालवून द्यायची. दगडाची भुकटी त्याच्या पापण्यांवर, छातीच्या पांढऱ्या केसांवर, कानाच्या पाळीवर बसायची. अंग उघडं टाकून तो काम करायचा आणि त्या म्हाताऱ्या पाठीत जुने स्नायू एकेक करून जागे व्हायचे, जत्रेला निघालेल्या पोरांसारखे.

त्या दिवसांत दोराची आठवण कुणालाच झाली नाही. दिवेलागणीला तो हात-पाय धुऊन ताटावर बसायचा आणि शेवटचा घास गिळायच्या आत पेंगायचा. सुनेला वाटलं, आपल्या हिशेबातला तो आकडाच चुकला होता. चुकलेला हिशेब सापडल्यावर एवढा आनंद तिला कधी झाला नव्हता.

शेवटचा दगड बसला तेव्हा त्यानं तिला हाक मारली. "हात लाव. हलवून बघ."

तिनं दोन्ही तळवे लावून रेटा दिला. भिंत तिच्याकडं बघतही नव्हती.

"घरातल्या बाकीच्या भिंती पापड आहेत," तो म्हणाला. "ही भिंत आहे. हिच्यावर बाहेरून बुक्क्या मारल्यास तरी आत कळायचं नाही."

*

साहेब पुन्हा आला. या वेळी फीत वळसा घालून अंगणातून फिरली आणि अंतर भरलं, वर वीतभर उरलंही. दारावर लावलेल्या नोटिशीची मुदत संपली होती, गावातून हरकत आली नव्हती. साहेबानं अंगणात खुर्ची टाकून कागद मांडीवर घेतले.

"घरातल्या कुणाची हरकत?" तो विचारायचं म्हणून विचारत होता. "मालक, तुमची नसणारच. मिस्त्रींची सही आहे. बाई, तुमची?"

सून धुण्याच्या दगडापाशी उभी होती. तिच्या हातात ओली पातेली होती. तिच्याजवळ उत्तर तयार होतं, महिनाभर तयार होतं. आमच्या घरात एक माणूस आहे साहेब, ज्याला संध्याकाळी हातात काहीतरी लागतं. एवढंच म्हणायचं होतं. पण तो माणूस नव्या दाराच्या चौकटीला टेकून उभा होता, अंगावर भुकटी तशीच, आपलं काम साहेबानं बघावं म्हणून थोडा बाजूला सरकलेला. परक्या माणसापुढं त्याला पुन्हा पिंप करायचं तर तिच्याच तोंडानं करावं लागणार होतं.

"बाई?"

"नाही," ती म्हणाली. "माझी काय हरकत असणार?"

*

परवाना आला. काचेत घालून गल्ल्यावर टांगला. ट्रक खरोखर थांबले. खाणीतले लोक आले. पाठ असलेली खुर्ची आली. आणि थंडी पडायच्या आत म्हाताऱ्याला लोकरीचं जाकीट आलं, तपकिरी, पुढं चार गुंड्या. तो ते घालून अंगणात फेरी मारून आला. "साहेब दिसतो का?" त्यानं सुनेला विचारलं. "साहेबाचा सासरा," ती म्हणाली. भांड्यांना बाई मात्र आली नाही. पुढल्या महिन्यात येणार होती.

अंगणात आता टेबलं होती, म्हाताऱ्याच्या जुन्या खोलीतही. दिवेलागणीला म्हातारा काथ्या घेऊन जुन्या जागी बसला, तेव्हा मुलगा जवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, "आबा, लोक बसतात इथं. दोर वळताना बघून त्यांना कसंतरी होतं. उठले तर?"

"मग काय करू?"

मुलगा विचारात पडला. बापाचा मान राहील असं काहीतरी त्याला खरंच द्यायचं होतं. त्यानं कमरेची किल्ली काढली. माल कोठीत असायचा, जिथं आता म्हाताऱ्याची खाट होती. "ही तुमच्याकडं. घरात न पिणारा एकटा मिस्त्री. तुमच्याइतका भरवशाचा माणूस मला कुठला मिळायचा?"

"अहो," सून म्हणाली, "किल्ली माझ्याकडं द्या. मी..."

"का? आबांवर भरवसा नाही तुझा?"

हे त्यानं बापासमोर विचारलं. म्हातारा तिच्याकडं बघत होता, उत्तराची वाट बघत. ती पदर सावरून आत गेली.

त्यानं किल्ली स्वतःच वळलेल्या दोरीत ओवून गळ्यात घातली. रात्री बाटल्यांच्या शेजारी झोपायचा, सकाळी मुलाला मोजून द्यायचा. एक कमी नाही, एकीची पातळी खाली नाही. खानावळवाला गिऱ्हाइकांना कौतुकानं सांगायचा, "आमच्या कोठीवर कुत्रं नाही, बाप आहे." बोलण्यात चूक होती, पण माया होती.

संध्याकाळी हाताला काम हवंच, म्हणून म्हातारा टेबलांवरचे ग्लास गोळा करायला लागला. ट्रे भरून धुण्याच्या दगडापाशी आणून ठेवायचा. सून घासायची. पहिल्या आठवड्यात ग्लासांच्या तळाशी बोटभर, अर्धं बोट उरलेलं असायचं. लोक गप्पांत विसरतात, ट्रकवाले घाईत उठतात. ती ओतायची, वास नाकात जायचा, ती श्वास धरून घासायची.

मग एका संध्याकाळी तिच्या लक्षात आलं की आपण बराच वेळ श्वास धरलेला नाही.

ग्लास कोरडे येत होते. एकूण एक. तिनं एक उचलून दिव्यापुढं धरला, उपडा केला. थेंब पडला नाही. लोक एकाएकी एवढे काटकसरी कधी झाले? तिनं अंगणात पाहिलं. टेबलापासून तिच्यापर्यंतच्या वाटेत अंगणातलं एकुलतं झाड होतं. म्हातारा ट्रे घेऊन झाडामागं गेला आणि निघायला हवा त्यापेक्षा जरा उशिरा निघाला.

ट्रे खाली ठेवताना ग्लास एकमेकांवर किणकिणले. हात हलत होता.

"मामंजी," ती म्हणाली, "उद्यापासून ग्लास मी उचलत जाईन."

तो उभा राहिला. गळ्यातली किल्ली मुठीत धरून म्हणाला, "बाटलीला हात लावला नाही पोरी. या किल्लीची शपथ."

"मला ठाऊक आहे."

"वायाच जात होतं. अर्धं टाकून उठतात लोक. तू मोरीत ओततेस. जन्मभर आम्ही खाणीत चुरा वाया घालवला नाही, तोही विकला." तो हसायला गेला. "चुराच आहे हा."

ती आत जाऊन काथ्या घेऊन आली. कुणी बघितलं तर बघू दे म्हणत त्याच्या मांडीवर ठेवला. त्यानं दोन पेड उचलले. बोटांनी ते धरले, सोडले, पुन्हा धरले. पीळ बसेना. तिनं खाली बसून एक टोक आपल्या हातात धरलं, तो दुसऱ्या टोकाला वळू लागला, आणि दोर तिच्या हाताकडून सुटत गेला, कारण तिकडून पीळ येतच नव्हता.

"राहू दे," तो म्हणाला. "गिऱ्हाइकं बघतायत."

तिनं नवऱ्याला सांगितलं. लगेच नाही सांगितलं. आधी चार-सहा दिवस ग्लास स्वतः उचलून पाहिले, पण शेगडी आणि अंगणाला एक बाई पुरेना. मग सांगितलं. "रागावू नका. किल्ली घ्या, आणि हातात दुसरं काहीतरी द्या. हळू घ्या."

खानावळवाल्याला हळू घेता आलं नाही. संध्याकाळी अंगण भरलेलं असताना त्यानं बापाच्या हातातला ट्रे काढून घेतला, ग्लास हुंगला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "आबा, लोकांचं उष्टं? उष्टं पिता?" त्याचा आवाज रागानं चढला नव्हता, लाजेनं चढला होता. ऐकणाऱ्याला दोन्ही सारखेच. "किल्ली द्या इकडं."

"मालक, जाऊ द्या की," एक उंच ड्रायव्हर म्हणाला. त्याला सगळे लंबू म्हणायचे. "म्हातारं माणूस आहे."

म्हाताऱ्यानं गळ्यातली दोरी काढून किल्ली टेबलावर ठेवली. "मोजून घे."

"मोजल्यात सकाळी."

"कमी होती एखादी?"

"नाही."

"मग?"

मुलानं किल्ली उचलून कमरेला लावली. म्हातारा जाकिटाच्या चारही गुंड्या लावून अंगणाबाहेर गेला. कोपऱ्यातून कुणीतरी, बहुतेक खाणीतलाच जुना माणूस, अर्धवट हसत म्हणाला, "पिंप निघालं." सुनेनं ते स्वयंपाकघरात ऐकलं. पापडाच्या भिंती.

*

बंद व्हायची वेळ झाली, तरी तो आला नव्हता. खानावळवाला शाळेच्या ओट्यापर्यंत, पुढं चरापर्यंत बघून आला. "राग उतरला की येईल," तो म्हणाला. "बाजूचं दार नुसतं लोटून ठेव. कडी लावू नको." त्यानं हे स्वतःहून सांगितलं, हे त्याच्या खात्यावर जमा धरलं पाहिजे.

दोघं माळ्यावर पडली. थंडी मोडायला गोधडी पुरत नव्हती. कधीतरी सुनेला आवाज आला. ठोकल्याचा म्हणावा तर नाही. कुणीतरी लांब उशी झटकावी तसा.

"अहो. कुणीतरी ठोकतंय."

"मागं?"

तिनं कान दिला. "मागं नाही. पुढं."

"पुढं दारच नाही." तो झोपेतच होता. "असेल एखादा पिदाड, जुन्या सवयीनं आलेला. उठू नको. साहेब फिरतीवर आहे, कुणी रात्री दारात दिसलं तर परवान्यावर बेतेल."

"मामंजी असले तर?"

"आबा असले तर बाजूनं येतील. उघडंच ठेवलंय ना?"

हे बरोबर होतं. त्यात चूक काढायला जागा नव्हती. ती पडून राहिली. आवाज आणखी थोडा वेळ आला, मध्ये थांबला, पुन्हा आला, मग थांबला. चला, गेला एकदाचा, असं तिला वाटलं.

सकाळी मास्तरीणबाईंनी शाळेच्या फाटकातून पाहिलं आणि त्या ओरडत रस्ता ओलांडून आल्या.

तो जुन्या दाराच्या जागी भिंतीला कपाळ टेकून गुडघ्यांवर बसला होता. दोन्ही तळव्यांची सालं निघाली होती. जिथं पूर्वी कडी होती, त्या उंचीवर दगडावर लालसर ओरखडे होते. अंगात नुसता सदरा होता, दवानं भिजून पाठीला चिकटलेला. जाकीट नव्हतं, आणि अंग केव्हाच गार पडलं होतं. बाजूचं दार तिथून घराचा एक कोपरा वळलं की लागत होतं, अजून लोटलेलंच होतं. जन्मभर माणूस ज्या दारानं घरी आला, त्याच दारानं येऊ पाहत होता.

मुलानं त्याला काखेतून धरलं. पाय धरायला सून होती. त्यांना सवय होती.

*

पुढल्या खेपेला लंबू आला तो ट्रक चालू ठेवूनच उतरला. कागदात गुंडाळलेलं तपकिरी जाकीट त्यानं धुण्याच्या दगडावर ठेवलं.

"वहिनी, उतारावर भेटले त्या रात्री. म्हणाले, हे घे आणि मला पाज. म्हणाले, आज उष्टं नको, आज माझ्या पैशाची पितो. मी नको म्हणालो." त्यानं जाकिटावरचा कागद सारखा केला. "खोटं कशाला बोलू? घेतलं. थंडी होती."

"हो," ती म्हणाली. "थंडी होती."

त्या दिवशी तिनं नवऱ्याला सांगितलं, "ते दार उघडा."

"कुठलं?"

"पुढलं. छिन्न्या पेटीत आहेत."

"अगं, अंतर भरायचं नाही मग..." तो बोलून गेला आणि मग तोंडावर हात ठेवून पाठीच्या खुर्चीत बसला. भिंत राहिली.

ट्रक थांबतात. गल्ला चालतो, परवाना काचेत आहे. भांड्यांना बाई पुढल्या महिन्यात येणार आहे. दिवेलागणीला ट्रे येतो, ग्लासांच्या तळाशी पुन्हा बोटभर असतं, आणि सून ते एकेक करून ओतते, श्वास धरून.

आता कुणी काय भरलं ते बघू. अर्जवाल्यानं काही भरलं नाही, तो दोनदा जेवला. लंबूनं जाकीट परत केलं, आपलं फिटलं असं तो समजतो. फी खानावळवाल्यानं भरली, तिची पावती आहे. सुनेनं साहेबापुढं एक 'नाही' भरला, त्याची पावती कुणी देत नाही. राहिलं ते शाळेपासूनचं अंतर. ते एका खोलीएवढं कमी पडत होतं, आणि ते म्हाताऱ्यानं भरलं.